वेदीच्या जागी नवं बिऱ्हाड

परळच्या आचार्य दोंदे मार्गावर सकाळी पाय ठेवायला जागा नसते. केईएम, टाटा, वाडिया अशी मोठी रुग्णालयं हाकेच्या अंतरावर. हातात एक्स-रेची पाकिटं, खांद्याला थर्मासची पिशवी, रात्रीच्या गाडीने जळगाव-अकोल्याहून आलेली माणसं फुटपाथवरच डबा उघडून बसलेली. या गर्दीला लागून जुन्या झाडांचं एक मोठं आवार आहे. फाटकावर हाफकिन संस्थेचं नाव. लस, साप, प्लेग एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. आत जी कमानीदार वास्तू आहे तिच्या पोटात पोर्तुगीज काळातलं एक चर्च दडलेलं आहे, हे मात्र रोज तिथून जाणाऱ्यांनाही सहसा माहीत नसतं.

जुन्या चर्चना मिळालेले नवे उपयोग, असा विषय निघाला की डोळ्यांसमोर युरोप येतो. हॉलंडमधलं पुस्तकांचं दुकान, स्कॉटलंडमधलं जुन्या पुस्तकांचं भांडार. ती उदाहरणं खरीच आहेत आणि पुढे येतीलही. पण मराठी माणसाच्या पायाखालची उदाहरणं जास्त बोलकी आहेत, शिवाय त्यांचं कारण अगदी वेगळं आहे. तिकडे बहुतेक चर्च रिकामी झाली ती प्रार्थनेला येणारी माणसं कमी झाली म्हणून. आपल्याकडे ती बहुतांशी रिकामी झाली राजवट बदलली म्हणून.

जेवणघर खाली, नाचघर वर

परळची जागा जेझुइट पाद्र्यांची. मुंबई इंग्रजांच्या हाती गेल्यावरही त्यांचं चर्च आणि त्यालगतच्या जमिनी त्यांच्याकडेच होत्या. जंजिऱ्याच्या सिद्दीने १६८९-९०मध्ये मुंबईवर स्वारी केली, तेव्हा पाद्र्यांनी त्याला मदत केली असा इंग्रजांचा संशय होता. १७२०च्या सुमारास जागा त्यांच्या हातून गेली आणि गव्हर्नरांना शहराबाहेरचं एक प्रशस्त घर मिळालं. आधी ते हवापालटाचं ठिकाण होतं. पुढे विल्यम हॉर्नबी हा गव्हर्नर तिथेच राहू लागला आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने दोन्ही बाजूंना पाखं जोडून वास्तू वाढवली.

चर्चचं काय केलं? ते पाडलं नाही. त्याच्या भिंतींच्या आत मजला घातला. खाली जेवणाचं दालन, वर नाचाचं. कार्स्टन नीबूर हा प्रवासी १७६०च्या दशकात मुंबईत आला होता. गव्हर्नरचं हे देखणं दालन पूर्वी जेझुइटांचं चर्च होतं, याची त्याने आवर्जून नोंद केली. १८२५मध्ये बिशप हेबर इथे उतरला. एकावर एक अशा दोन भव्य खोल्या, सुमारे ७५-८० फूट लांब, असं त्याचं वर्णन आहे. खालची खोली मुळात चर्च होती, हेही त्याच्या कानावर घातलं गेलं होतं. तो स्वतः धर्मगुरू, आणि त्या भिंतींच्या आत गव्हर्नरच्या पंगतीला बसलेला.

चर्चची मुख्य इमारत म्हणजे लांब, उंच, जाड भिंतींची एक खोली. माणसांचा मोठा जमाव एका दिशेला तोंड करून बसावा म्हणून ती बांधलेली असते. मेजवानी, दरबार, नाच, व्याख्यान, ग्रंथालय या सगळ्यांना नेमकी अशीच खोली लागते. नव्या मालकाला ती आयती मिळते. प्रश्न उरतो तो उंचीचा. एवढी उंची वापरायची तर मजला घालावा लागतो, आणि मजला घातला की मूळ वास्तूचा श्वास कापला जातो. परळला तो कायमचा कापला गेला.

१८७०च्या सुमारासही मुंबईच्या गव्हर्नरचा पत्ता हाच होता: गव्हर्न्मेंट हाउस, परळ. १८७५मध्ये युवराज एडवर्ड याच घरात उतरला. मग दिवस पालटले. भोवती गिरण्यांचा धूर आणि दाट वस्ती वाढली. १८८२मध्ये गव्हर्नर फर्ग्युसनच्या पत्नीचा कॉलऱ्याने मृत्यू झाला आणि गव्हर्नरांनी मलबार हिलची समुद्राची हवा पत्करली. परळचं घर ओस पडलं.

तुपाचे थेंब आणि माकडांचे पिंजरे

१८९६च्या सप्टेंबरमध्ये मांडवीत प्लेग निघाला. परळचं रिकामं घर आधी प्लेगचं इस्पितळ झालं. वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबरमध्ये मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका छोट्या जागेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला ती स्वतःला टोचून घेतली. पण मागणी वाढली तशी जागा अपुरी पडू लागली. दोनदा बिऱ्हाड हलवून १० ऑगस्ट १८९९ला प्रयोगशाळा परळच्या या वास्तूत आली. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी उद्घाटन केलं.

लस कशी व्हायची, ते जवळून पाहण्यासारखं आहे. मोठ्या काचपात्रांत मांसाचा काढा घ्यायचा. हिंदू आणि मुसलमान दोघांच्याही भावना दुखावू नयेत म्हणून तो बकऱ्याच्या मांसाचा. वर साजूक तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. प्लेगच्या जंतूंना त्या थेंबांचा आधार मिळे आणि थेंबाखालून त्यांची वाढ पांढुरक्या दशांसारखी खाली लोंबू लागे. पात्र हलवलं की दशा तुटून तळाशी जात आणि वर नव्या धरत. काही आठवडे हे चालायचं. मग काढा तापवून जंतू मारायचे, थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं आणि कुप्या भरायच्या. काचपात्रं न हलता, शांत, सावलीत ठेवावी लागत. पूर्वीच्या बांधकामाच्या जाड भिंती आणि मोठी दालनं या कामाला सोयीचीच होती. रेल्वेच्या ज्या मार्गांनी प्लेग देशभर पोचला, त्याच मार्गांनी परळच्या कुप्याही रवाना झाल्या.

सगळं सुरळीत मात्र झालं नाही. १९०२मध्ये पंजाबात मुलकोवाल इथे लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने मेली. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांच्यावर आला. त्यांना काम सोडावं लागलं. दोष त्यांचा नव्हता हे मान्य व्हायला १९०७ उजाडलं. १९२५मध्ये संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं, ही उशिराची भरपाई.

प्लेग माणसापर्यंत येतो कसा, याचा छडाही याच आवारात लागला. १९०५नंतर ग्लेन लिस्टन आणि प्लेग आयोगाच्या शास्त्रज्ञांनी इथे मुद्दाम झोपडीवजा खोल्या बांधल्या. छपरात उंदीर राहू दिले, जमिनीवर गिनिपिग सोडले. जमिनीवरचा गिनिपिग प्लेगने मरे. तोच पिंजरा दोन फूट वर टांगला की वाचे. मग माकडांचे पिंजरे ठेवले आणि त्यांच्याभोवती चिकट कागदाचा पट्टा पसरला. पिसवा त्या पट्ट्यावरच चिकटून बसत, पलीकडे उडी पोचत नसे. आतलं माकड धडधाकट राही. हवा, माती, उष्टं अन्न यांच्यावरचे आरोप एकेक करून गळून पडले आणि उंदरावरची पिसू उघडी पडली. कधीकाळी पाद्र्यांची वाडी असलेल्या जागेवर वैद्यकशास्त्राचा एवढा मोठा निकाल लागला, याचा मुंबईकरांनी मनापासून अभिमान बाळगायला हवा.

मास्ट्रिख्टचा पोलादी मजला

आता हॉलंड. मास्ट्रिख्ट शहरात डोमिनिकन पंथाचं चर्च आहे, १२९४मध्ये अभिषेक झालेलं. अठराव्या शतकाच्या अखेरीला फ्रेंच सैन्य आलं आणि पाद्री गेले. म्हणजे तिथेही सुरुवात राजवट बदलल्यानेच झाली. नंतरची दोन शतकं त्या वास्तूने काय काय पाहिलं! गोदाम, प्रदर्शनं, शेवटी सायकली ठेवायची जागा. २००६च्या अखेरीला तिथे पुस्तकांचं दुकान उघडलं.

अडचण परळचीच होती. जमीन साधारण ७५० चौरस मीटर, दुकानदाराला हवी होती १२००. मर्क्स आणि गिरो या वास्तुरचनाकारांनी चर्चच्या एका अंगाला काळ्या पोलादाचं भलंमोठं मजली कपाट उभं केलं. आतून जिने, वर पुस्तकं, अगदी वर गेलं की छताजवळची जुनी चित्रं जवळून दिसतात. हे कपाट भिंतीला जखडलेलं नाही. उद्या दुकान हललं तर ते सोडवून नेता येईल आणि चर्च होतं तसं उरेल. दुसरी बाजू पूर्ण उंचीची मोकळी ठेवली आहे, त्यामुळे दारातून आत येणाऱ्याला पहिल्या नजरेत चर्चच दिसतं, पुस्तकं नंतर. दोन्ही ठिकाणी मजलाच घातला. पण परळला चर्च त्यात हरवलं, मास्ट्रिख्टला ते वाचता येतं. २०१४मध्ये दुकान ज्या साखळीचं होतं ती बुडाली, तेव्हा वाचकांनी वर्गणी काढून हे दुकान तगवलं. वास्तूवर जीव जडल्याशिवाय गिऱ्हाईक वर्गणी देत नाही.

स्कॉटलंडमध्ये इनव्हर्नेसला १७९३च्या गेलिक चर्चमध्ये १९९४पासून लीकीचं जुन्या पुस्तकांचं दुकान आहे. मधोमध लाकडं जाळणारी मोठी शेगडी, गॅलरीपर्यंत चढलेली पुस्तकं, जुनं व्यासपीठही जागेवर. आपल्या लोकांनीही परदेशात हा मार्ग धरला आहे. लंडनच्या इझलिंग्टन भागात एका बंद पडलेल्या चर्चमध्ये १९७०मध्ये स्वामीनारायण मंदिर सुरू झालं. प्रार्थनास्थळ प्रार्थनास्थळच राहिलं, देव बदलला.

मोंते सांतोवरचे शेजारी

एखाद्या वास्तूला नवा रहिवासी मिळाला तर काय होतं आणि नाही मिळाला तर काय होतं, हे शेजारी शेजारी पाहायचं असेल तर जुन्या गोव्याच्या मोंते सांतो टेकडीवर जावं. एका बाजूला सेंट ऑगस्टीनचा पडका मनोरा, मूळचा ४६ मीटर उंच, आज त्याचा काही भागच उभा. समोर सांता मोनिका हा नन्सचा मठ, तिमजली, रुंद, छपरासकट शाबूत. दोन्ही सतराव्या शतकाच्या सुरुवातीचे. दगड तोच जांभा, चुना तोच, पाऊस तोच.

फरक पडला १८३४-३५मध्ये. पोर्तुगालच्या सरकारने स्वतःच धार्मिक संघ बरखास्त केले. चर्चवर घाला फक्त परधर्मी राज्यकर्त्यांनी घातला असं मानणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. पुरुषांचे मठ तत्काळ रिकामे झाले. ऑगस्टीनियन पाद्री गेले आणि १८४२मध्ये, अवघ्या सात वर्षांत, त्यांच्या चर्चचं छत कोसळलं. १९३१मध्ये दर्शनी भागही पडला. नन्सच्या बाबतीत नियम सौम्य होता: नवी नन घ्यायची नाही, असलेल्यांनी मरेपर्यंत राहावं. सांता मोनिकातली शेवटची नन १८८५मध्ये वारली. म्हणजे पन्नास वर्षं तिथे कुणी ना कुणी राहत होतं. नंतर सैनिक राहिले. १९६४पासून नन्सच्या शिक्षणाची मातेर देई संस्था आली. २००२मध्ये राशोलहून ख्रिस्ती कला संग्रहालय मठाच्या चर्चमध्ये आणलं गेलं आणि मोठ्या नूतनीकरणानंतर २०२२मध्ये ते पुन्हा उघडलं.

कोकण-गोव्यात घर राखलेल्या माणसाला यातलं मर्म सांगावं लागत नाही. वैशाख संपता संपता कौलं चाळायची असतात. फुटलेलं कौल बदलायचं, वाशाला लागलेली वाळवी झाडायची, पन्हाळीत साचलेला पाला काढायचा. एक पावसाळा हे चुकलं की पाणी भिंतीच्या डोक्यावरून आत उतरतं. जांभ्यावरचा चुन्याचा गिलावा सुटतो, पिंपळाचं बी सांध्यात रुजतं. भिंत कितीही जाड असो, तिचा जीव छपरात असतो. सैनिकांनी मठाचा आब राखला असेल नसेल. छप्पर मात्र राखलं. पाखरांनी ते राखलं नसतं.

संग्रहालयात पाहण्यासारखं पुष्कळ आहे, पण तिथे लक्ष द्यावं ते कारागिरीकडे. गोव्याच्या स्थानिक कारागिरांनी घडवलेल्या हस्तिदंती आणि लाकडी मूर्तींत इथली वेलबुट्टी आणि इथल्या माणसांचे नाकडोळे उतरलेले दिसतात. चर्चच्या वस्तू चर्चच्याच वास्तूत मांडल्या आहेत, त्यामुळे नवा उपयोग इथे उपरा वाटत नाही.

राज्यपाल, वीरगळ आणि दीवचं इस्पितळ

गोव्यात आणखीही अशी बिऱ्हाडं आहेत. दोना पावलाच्या टोकावरचं राजभवन मूळ फ्रान्सिस्कन मठ, १५९४मध्ये सुरू झालेलं. नेपोलियनच्या काळात तिथे ब्रिटिश फौज राहिली, मठ बंद झाल्यावर आर्चबिशप राहिले आणि १९१८पासून गव्हर्नर. म्हणजे परळची गोष्टच, फक्त तिथलं प्रार्थनाघर मोडलं नाही. राजभवनाच्या आवारात कॅबोच्या मातेचं चॅपल आजही आहे.

जुन्या गोव्यातच सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या मठात १९६४पासून पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. पोर्तुगीज व्हाइसरॉयांच्या तसबिरींची रांग एका मजल्यावर, आणि त्याच छताखाली कदंबकालीन शिल्पं, वीरगळ, सतीशिळा. जे पाद्री या देशातल्या मूर्तींना सैतानाचं काम म्हणत, त्यांच्याच ओवऱ्यांत त्या मूर्ती आज निर्धास्त उभ्या आहेत. दीवमध्ये तर उपयोग थेट लोकांच्या गरजेचा झाला: सेंट थॉमसच्या चर्चमध्ये संग्रहालय आणि सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये इस्पितळ.

वसईच्या घंटा

वसईच्या किल्ल्यातल्या चर्चना असा नवा रहिवासी मिळाला नाही. १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. कोटात अर्धा डझनाहून अधिक चर्च आणि मठ होते. ख्रिस्ती वस्ती बाहेर गावांत टिकली, आजही भरभराटीला आहे. पण कोटातली चर्च ओस पडली. पुढे इंग्रजी अमलात कोटाच्या आत ऊस लावला गेला, साखरेचा कारखानाही निघाला, तो चालला नाही. आज कमानींतून झाडं वाढलेली आहेत आणि लग्नाआधीची छायाचित्रं काढायला जोडपी येतात.

वास्तू गेल्या, घंटा मात्र राहिल्या, आणि त्या थेट देवळांत गेल्या. नाशकात गोदावरीकाठी नारोशंकराच्या देवळावर टांगलेल्या घंटेवर १७२१ हे साल आहे. वाईजवळच्या मेणवलीतल्या घंटेवर १७०७. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९, शिवाय क्रूसाची खूण. चर्चची घंटा दोरीने हलवून गावभर ऐकू जावी अशी ओतलेली, तिचा नाद देवळातल्या नेहमीच्या घंटेहून जड आणि लांब पोचणारा. विजयचिन्ह म्हणून आणलेली वस्तू नंतर रोजच्या पूजेतली झाली. जुन्या गोव्यातल्या ऑगस्टीनच्या मनोऱ्याची घंटाही अशीच फिरली: आधी आग्वादच्या दीपगृहावर, मग १८७१मध्ये पणजीच्या चर्चवर.

उलट दिशेचा प्रवासही विसरता येत नाही. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात पोर्तुगीज पाद्र्यांनी सोळाव्या शतकात चर्च केलं आणि वर डोंगरावर मठ बांधला. लेण्यातल्या एका भिंतीवर आधीचं शिल्प तासून कोरलेला क्रूस आजही दिसतो. क्रूसाभोवतीचा खोलगट भाग पाहिला की आधी तिथे काय असेल याचा अंदाज येतो. हे नवं बिऱ्हाड नव्हे, ही जुन्या रहिवाशाची केलेली हकालपट्टी. दोन्हींत फरक करायला हवा. परळला झालं तेही याच जातीचं होतं, फक्त वापर पुढे चांगला निघाला.

जबलपूर आणि पुढचे दिवस

जिथे चर्च अजून भाविकांच्या वापरात आहेत तिथे चित्र वेगळं आहे, उदाहरणार्थ जबलपूरला. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी माणसं असलेलं हे शहर १८१७मध्ये इंग्रजांकडे गेलं, छावणी वसली, चर्च उभी राहिली. क्राइस्ट चर्च कॅथीड्रल काय किंवा कॅथलिकांचं सेंट पीटर अँड पॉल कॅथीड्रल काय, दोन्हींत उपासना चालू आहे. तिथे पुस्तकांचं दुकान काढण्याचा विषयच येऊ नये. नव्या उपयोगाचं शहरातलं उदाहरण आहे ते जुन्या व्हिक्टोरिया टाउन हॉलचं. तिथे आज गांधी ग्रंथालय आहे. उंच छत, मोठं दालन, आणि आत पुस्तकं.

भारतात आज वापरातलं चर्च दुकान होण्याची लाट येईल असं दिसत नाही. भाविक आहेत तोवर चर्च भाविकांचं. पण छावणीच्या, रेल्वेच्या, मळ्यांच्या आडगावी वस्त्यांतून माणसं निघून गेली, की तिथल्या एखाद्या चर्चपुढे हा प्रश्न उभा राहू शकतो. कॅथलिक चर्चचा नियम त्यासाठी आधीच आहे. १९८३च्या धर्मसंहितेतलं १२२२वं कलम सांगतं की उपासनेला वास्तू निरुपयोगी झाली तर बिशप तिला लौकिक, पण अशोभनीय नसलेल्या कामासाठी मोकळी करू शकतात. १९९१चा आपला प्रार्थनास्थळ कायदा एका धर्माचं स्थळ दुसऱ्याचं करायला मनाई करतो. मग उरतात तीन साध्या अटी. ज्यांची ती जागा होती त्यांना विचारावं. जे आत घालायचं ते उद्या काढता यावं. आणि दरवर्षी कौलं चाळण्याचा खर्च कोण देणार, हे उद्घाटनाआधी कागदावर यावं.

परळच्या वास्तूपुरतं एक काम सरकारला सहज करता येईल, कारण संस्था राज्य सरकारची आहे. प्रयोगशाळेत कुणीही उठून शिरू शकत नाही, शिरूही नये. पण वर्षातून काही दिवस जुनं दालन लोकांना दाखवता येईल, आणि फाटकाबाहेर फुटपाथवरून वाचता येईल अशी मराठी पाटी तर उद्याही लावता येईल: हे चर्च होतं, मग गव्हर्नरचं घर, मग प्लेगचं इस्पितळ, आणि १८९९पासून लस संशोधनाची प्रयोगशाळा. नाशिक, मेणवली आणि भीमाशंकरच्या घंटांखालीही अशीच पाटी हवी. वाचकांपैकी कुणी त्या देवस्थानांच्या विश्वस्तांपर्यंत पोचू शकत असेल, तर त्यांनी हा विषय जरूर काढावा.